मेस्सी-रोनाल्डोला बुकी का गाठत नाहीत?

मेस्सी किंवा रोनाल्डोला मॅच विकायला किती पैसे द्यावे लागतील? बुकीला परवडणारच नाहीत. जाहिराती धरून त्यांची वर्षाची कमाई शेकडो कोटींत आहे. पकडले गेले, तर सगळंच जाईल.

मग बुकी जातात कुठे? जिथे पगार थकतो तिथे. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रोने २०१२ मध्ये पूर्व युरोपात पाहणी केली. फिक्सिंगसाठी विचारणा झालेल्या खेळाडूंपैकी ५५ टक्के जणांना पगार वेळेवर मिळत नव्हता.

श्रीमंत खेळाडूही चुकतात. इटलीच्या टोनालीवर २०२३ मध्ये १० महिन्यांची बंदी आली, पण ती सट्टा लावल्याबद्दल. मॅच विकणं वेगळं.

भारतात सीबीआयने २०२२ मध्ये फिक्सिंगची चौकशी सुरू केली, तीही देशातल्या क्लबांची. म्हणून आय-लीग असो की गोव्याची लीग, वेळेवर पगार हा पहिला उपाय.