क्लच घसरतो, दोष कोणाचा?

नांगर जमिनीत उतरताच जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आवाज चढावा, पण गती मंदावावी आणि जळका वास यावा, ही क्लच घसरत असल्याची लक्षणे होत. खात्रीसाठी सपाट जागी, समोर कोणी नसताना, ब्रेक लावून वरच्या गियरमध्ये पॅडल सावकाश सोडावे. इंजिन बंद न पडल्यास क्लच घसरतो हे निश्चित. ही परीक्षा क्षणभरच करावी.

तथापि, लगेच प्लेट बदलणे उचित नव्हे. त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध उकलावा लागतो व ऐन पेरणीचे दिवस वाया जातात. प्रथम पॅडलची मोकळी चाल पाहावी व ती माहितीपुस्तिकेप्रमाणे जुळवावी. तरीही घसरल्यास प्लेट झिजली अथवा तेलकट झाली असे समजावे.

पॅडलवर सदैव पाय ठेवण्याची सवय मोडणे, हाच स्वस्त उपाय होय.