मुहूर्ताच्या खरेदीआधी एवढं बघा

दसरा-दिवाळी आली की घरात नवी वस्तू येते. कुणाकडे फ्रिज, कुणाकडे गाडी, कुणी यंदा एसी घ्यायचं म्हणतंय. जरूर घ्या. कष्टाचा पैसा आहे. त्यात अपराधी वाटून घेऊ नका. एका भारतीय माणसामागे वर्षाला साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकेत हाच आकडा 14 टनांच्या घरात आहे.

पण आपला आकडा चढतोय, आणि त्यातला बराच भाग आपल्या घरांतून चढतोय. मिळकत वाढली की वस्तू वाढतात. मुलं वेगळी राहायला लागली की एका घराची दोन घरं होतात. मग फ्रिज दोन, गिझर दोन, टीव्हीही दोन. हे सगळं चालतं विजेवर. ती वीज चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. देशातल्या विजेचा सरासरी हिशेब धरला, तर तुमच्या मीटरवर 1 युनिट पडलं की साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो.

म्हणून आधी वीजबिल नीट वाचा. नुसती रक्कम बघून ते बाजूला ठेवू नका. युनिट किती पडले ते बघा, मागच्या महिन्यांशी ताडून बघा. महावितरणचा दर 100 युनिटच्या पुढे एकदम वाढतो, 300 च्या पुढे आणखी वाढतो. तुम्ही वाचवता ते युनिट या वरच्या, महाग टप्प्यातलं असतं. थोडं वाचवलं तरी बिलात फरक दिसतो, तो यामुळेच.

आता दुकानात चला. फ्रिजवर ताऱ्यांचं लेबल असतं. दुकानदार तारे दाखवतो. तुम्ही त्याच लेबलवरचा वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा वाचा. दोन फ्रिजचे आकडे शेजारी ठेवा. वजाबाकी करा. तिला तुमच्या बिलातल्या वरच्या दराने गुणा आणि पुढे दहाने गुणा, कारण फ्रिज सहज दहा वर्षं चालतो. महाग वाटणारा फ्रिज पुष्कळदा इथेच स्वस्त ठरतो. लेबलवरचं सालही बघा. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या मालावरचे पाच तारे आजच्या पाचाएवढे नसतात. आणि नवा आला की जुना फ्रिज माळ्यावरच्या खोलीत चालू ठेवू नका. पाण्याच्या दोन बाटल्यांसाठी तो वर्षभर वीज खातो.

घरात खरी वीज जाते पाणी तापवण्यात आणि खोली गार करण्यात. मोबाइलच्या चार्जरचं बटण बंद करता, चांगलं करता. पण तेवढ्यावर समाधान मानू नका.

चार माणसांचं घर धरा. माणशी एक बादली. थंडीत तेवढं पाणी तापवायला दिवसाला 2 युनिटच्या आसपास लागतात, महिन्याला 60. त्यातून 40 किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड झाला. घरचा स्वयंपाकाचा अख्खा सिलिंडर जाळला तरी साधारण एवढाच होतो. तेव्हा गच्ची तुमची असेल तर सौर बंबाचा विचार आधी करा. नाहीतर अंघोळीला जायच्या थोडं आधी गिझर लावा आणि एकामागून एक सगळे आटपून घ्या. गॅस गिझर असेल तर तो बंद न्हाणीघरात कधीही बसवू नका. त्यातल्या विषारी वायूने माणसं दगावतात. हवा खेळेल अशा जागीच तो हवा.

पंखा रोज बारा तास फिरतो. जुना पंखा 75 वॉटचा असतो. नव्या बीएलडीसी पंख्याला 30 वॉटच्या आसपास पुरतात. एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही. जो जास्त फिरतो तो आधी बदला.

एसी 26 वर ठेवा, सोबत पंखा लावा. एक अंश वर नेला की साधारण 6 टक्के वीज वाचते. आणखी एक गोष्ट आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. एसीतला गॅस वापरून संपत नसतो. तो कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळतोय. दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेऊ नका. कारागिराला म्हणा, आधी गळती शोध, ती बंद कर, मग भर. बऱ्याच जुन्या एसींत आर-410ए नावाचा गॅस असतो. तो 1 किलो हवेत सुटला, तर 2 टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो. एका माणसाचा वर्षभराचा हिशेब त्या एका गळतीत जातो.

गाडीचं थोडक्यात सांगते. लिटरभर पेट्रोल जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. एकट्याने जायचं असेल तर चारचाकी काढू नका, दुचाकीवर काम होतं. टायरमधली हवा तपासत राहा.

चुलीवर रांधणाऱ्या बायाबापड्यांना मात्र कुणी गॅस कमी वापरा असं सांगू नये. धुरापेक्षा गॅस केव्हाही बरा. डाळ भिजत घाला, पातेल्यावर झाकण ठेवा, तेवढं पुरे.

स्वतःचं छप्पर असेल तर त्यावर वीज तयार करणारी सौर पॅनेल बसवण्यासाठी पीएम सूर्यघर योजनेची चौकशी करा. 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किंवा जास्त असेल तर 78 हजार रुपये अनुदान आहे. 1 किलोवॉटमधून महिन्याला शंभराच्या वर युनिट मिळतात. अर्ज सरकारी पोर्टलवरच करा. बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. बिल ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाने अर्ज करावा लागतो. ते अजून आजोबांच्या नावावर असेल, तर आधी नाव बदलून घ्या.