आधी पाणी तपासा, ओटा मोजा, शटर शेवटी

नवं घर बांधायला काढलेल्या किंवा जुन्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवायला निघालेल्या हदगावकरांना एक विनंती आहे. ट्रॉलीच्या शटरमागे दडणारं डिशवॉशर घ्यायचं मनात असेल तर जरूर घ्या. पण मोबाइलवर फोटो बघून आधी लॅमिनेटचा रंग ठरवू नका. हे मशीन नीट चालणार की नाही ते तुमच्या बोअरच्या पाण्यावर, स्लॅबवरच्या टाकीवर आणि ओट्याच्या उंचीवर ठरतं. एवढं जुळलं की शटर सुतार सहज बसवून देतो.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा: लपवायचं कशासाठी? मागच्या अंगणाजवळ, मोरीशेजारी पत्र्याखाली नव्हे पण छताखाली जागा असेल, तर साधं सुटं मशीन तिथं उत्तम चालतं. ते हलवता येतं, दुरुस्तीला चारही बाजूंनी मोकळं राहतं. शटरचं मशीन त्यांनीच घ्यावं, ज्यांचं स्वयंपाकघर दिवाणखान्यातून दिसतं आणि ओटा अजून बांधून व्हायचाय. त्यातही दोन प्रकार आहेत. एकात बटणांची पट्टी वर दिसत राहते, दुसऱ्यात बटणं दाराच्या वरच्या कडेला असतात आणि सगळं शटरआड जातं. दुसरा प्रकार घेणार असाल तर जमिनीवर लाल दिव्याचा ठिपका पाडणारं मॉडेल बघा. नाहीतर मशीन चालू आहे की संपलं हे कळत नाही आणि कुणीतरी मधेच दार उघडतं.

आता पाणी. आपल्याकडची जमीन काळ्या दगडाची, बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तोच मशीनच्या हीटरवर आणि फवाऱ्याच्या बारीक भोकांत धरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. तुमचं पाणी कुठं बसतं ते खात्रीनं कळायला हवं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बाटलीभर नमुना देऊन तपासून घ्या. मशीनमध्ये पाणी मऊ करायची सोय असते, पण बऱ्याच मशीनमध्ये ती साधारण ८९० मिलिग्रॅमपर्यंतच पुरते. त्या सोयीला मीठ लागतं. ते डिशवॉशरचं जाड मीठच हवं. भाजीतलं बारीक आयोडिनचं मीठ घातलं तर वाट लागते. मीठ भरताना थोडं खारं पाणी आत सांडतंच, म्हणून भरल्यावर लगेच मशीन चालवा, नाहीतर स्टीललाही गंजाचे डाग पडतात. आणि तपासणीचा आकडा मशीनच्या सेटिंगमध्ये टाकून घ्या. बसवायला आलेला माणूस घाईत ते सोडून जातो.

दाबाचा गैरसमजही काढून टाकू. नळाच्या जोरावर भांडी निघत नाहीत, आतला पंपच पाणी फवारतो. नळानं फक्त मशीन भरायचं असतं, पण तेवढ्यालाही मॉडेलप्रमाणे ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. टाकी नळापेक्षा दहा फूट उंच असली तर जेमतेम ०.३ बार मिळतो. म्हणजे एकमजली घराच्या स्लॅबवर टेकवलेली टाकी काठावर पास. तिला उंच स्टँड द्या किंवा छोटा प्रेशर पंप लावा.

पाणी किती जातं, ही आपल्या भागात रास्त शंका. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बारा-चौदा जणांच्या ताटवाट्यांचं मशीन इको प्रोग्रामवर सुमारे दहा लिटर पाणी घेतं, म्हणजे बादलीभरही नाही. मात्र भांडी आधी नळाखाली धुऊन मग मशीनमध्ये लावली तर ही बचत गेली. खरकटं काढा, विसळू नका. आणि मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो ओट्यात. मशीनला साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ८२ उंच आणि किमान ५५ खोल जागा लागते. आपल्याकडे ओटा ३२ इंचांवर घेतात. त्यातून ग्रॅनाइट आणि खालच्या कडप्प्याची जाडी वजा करा, खाली साडेतीस इंच उरतात, म्हणजे साडेसत्याहत्तर सेंटिमीटर. मशीन आत जाणारच नाही! शिवाय ट्रॉल्यांसाठी ओट्याखाली तीन-चार इंचांचा कट्टा बांधलेला असतो, तो वेगळाच. म्हणून गवंड्याला आधीच सांगा: ओटा ३४ इंच, मशीनच्या जागी कट्टा नको, फरशी बाकी खोलीच्या पातळीत, आणि दोन कडप्प्यांमध्ये टाइल लावल्यावर २४ इंच मोकळे. जागा सिंकच्या शेजारचीच ठेवा, पाइप फार लांब नसतात.

विजेचा सॉकेट मशीनच्या मागे नको, शेजारच्या कप्प्यात हवा. हात पोचला पाहिजे. तो १६ अँपिअरचा, वेगळ्या वायरवर. मशीन दोन हजार वॉटच्या आसपास भार घेतं, घरगुती इन्व्हर्टरवर चालवू नका. अर्थिंग नुसतं नावाला नको. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा. सांडपाण्याचा पाइप आधी वर चढवून मग सिंकच्या निचऱ्यात सोडायचा, नाहीतर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये उलटं येतं. पाइपांभोवतीची भोकं बुजवा, उंदीर पाइप कुरतडतात.

मग सुताराला बोलवा. मशीनबरोबर कागदी साचा येतो, तो फेकू नका. भोकं त्यावरूनच पाडायची. शटर पाणी सहन करणाऱ्या प्लायचं करा आणि त्याचं वजन माहितीपुस्तिकेतल्या मर्यादेत ठेवा. जड शटरनं दार धाडकन खाली पडतं. दार उघडताना शटरची खालची कड आत वळते, तिथं स्कर्टिंग कापावं लागतं. ग्रॅनाइटच्या पोटात स्क्रू जात नाही, तेव्हा मशीन बाजूनं आवळायची पट्टी मागून घ्या. ओट्याखाली वाफ अडवणारी पट्टीही लावा.

मशीनकडून भलत्या अपेक्षा नकोत. लोखंडी तवा, पितळ, तांबं, ॲल्युमिनियमची पातेली, पोळपाट-लाटणं आत घालायचं नाही. हळदीनं प्लास्टिकचे डबे पिवळे व्हायचे ते होणारच. भांड्याच्या साबणाचा थेंबही नको, फेसानं मशीन थांबतं. सगळी भांडी मशीन घासत नाही, म्हणून भांड्याला येणाऱ्या मावशींना लगेच ‘उद्यापासून नको’ म्हणू नका. सणावाराच्या मोठ्या पातेल्यांना त्यांचाच हात लागणार आहे.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून लिहून घ्या की कंपनीचा माणूस दुरुस्तीला हदगावात येईल, आणि त्याच्या येण्याजाण्याचे किती पडतील. ‘येतो की’ या तोंडी शब्दावर विसंबू नका. आणि घरात आज जी भांडी घासते तिला दुकानात बरोबर न्या. रॅक ओढून बघू द्या, आपलं ताट आणि कुकरचं भांडं त्यात उभं राहतं का ते तिलाच ठरवू द्या. मशीन घरात आल्यावर भांडी लावायचं, काढायचं आणि मीठ भरायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडणार असेल, तर एवढा खर्च कशाला? पाळी लावा. पोरांनी लावावं, बाप्यांनी काढावं.