निरंक

“साहेब, आता मोकळे झालात. आता पोटभर लिहा!”

२००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा निरोपसमारंभात शाखेतल्या जुन्या शिपायाने हातात नारळ ठेवत मला असा आशीर्वाद दिला होता. त्या वर्षी सरकारी बँकांतले हजारो लोक असेच घरी गेले. कोणाच्या डोक्यात मुलीचे लग्न होते, कोणाच्या गावाकडचे घर. माझ्या डोक्यात तिसरी कादंबरी होती. वय त्रेचाळीस, मुलगा नववीत आणि घरात मिळवती आता एकटी बायको.

पुढचे आठ महिने मी एक ओळही लिहिली नाही.

टेबलाची जागा तीनदा बदलली. आखीव कागदांची रिमे आणली. सकाळी दोन वर्तमानपत्रे, मग मंडई, मग वामकुक्षी. कोणी विचारलेच तर ‘विषय मनात घोळतोय’ हे उत्तर तयार. पहिल्या दोन कादंबऱ्या मात्र नोकरीत असताना, पहाटे पाच ते सात या वेळात लिहून झाल्या होत्या. वेळ नव्हता तेव्हा लिहिले आणि वेळच वेळ होता तेव्हा हात गोठला, हे कोडे सुटेना.

सुटले ते एका संध्याकाळी. बायको ऑफिसातून दमून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि सहज म्हणाली, “काय, आज ताळा जुळला का?” बँकेत असताना मला उशीर झाला की ती हेच विचारायची. त्या दिवशी मी उत्तर देऊ शकलो नाही. लाज वाटली. तिच्या पगारावर मी विषय घोळवत बसलो होतो.

बँकेने मला पगाराखेरीज आणखी एक गोष्ट दिली होती, ती मी निवृत्तीच्या दिवशी तिथेच ठेवून आलो होतो. काउंटरपलीकडे रोज कोणीतरी वाट पाहत असे. स्फूर्ती असो वा नसो, त्याचे पासबुक भरून द्यावेच लागे. घरी माझ्या कादंबरीची वाट पाहणारे कोणी नव्हते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रत्येकाची, मग तो चित्रकार असो वा घरी बसून संगीत रचणारी मुलगी, खरी अडचण आळस ही नसतेच. त्याने आज काम केले नाही तरी जगाचे काहीच अडत नाही, ही त्याची अडचण असते.

मग करावे काय? दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांच्याकडे चित्रपट मागायला कोणी आले नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे रोप वाढताना रोज थोडे थोडे चित्रित केले. तो इवलासा चित्रपट त्यांनी पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवला आणि भांडवल उभे केले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. कर्जाचे अर्ज तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला यातले मर्म चटकन कळते. फाळक्यांनी नुसते स्वप्न सांगितले नाही, उगवलेले रोप दाखवले.

मीही माझा वाटाणा पेरला. दुसऱ्या दिवशी एक वही आखली : तारीख, आरंभीची शिल्लक, आज लिहिलेली पाने, अखेरची शिल्लक. पहिले प्रकरण कसेबसे पुरे केले आणि कोणी मागितले नसताना एका संपादकांना पाठवून दिले. सोबत लिहिले, ‘दुसरे महिनाअखेर पाठवतो.’ ते छापतील की नाही, ठाऊक नव्हते. पण काउंटरपलीकडे आता कोणीतरी उभे होते. तेवढ्याने पुरले.

कला म्हणजे काय बँकेचे लेजर आहे का, असे कोणी म्हणेल. नाहीच. काही दिवस खरोखर काही सुचत नाही. अशा दिवशी मी वहीत ‘निरंक’ लिहितो. मात्र लिहितो! सलग चार दिवस तो शब्द स्वतःच्या हाताने लिहावा लागला, की पाचव्या दिवशी पेन आपोआप कागदाकडे वळते. उत्साह आधी आणि काम मागाहून, असे मी आठ महिने समजत होतो. क्रम उलटा आहे.

बायको आता निवृत्त झाली आहे. संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवताना ती अजूनही विचारते, “ताळा जुळला का?” रोज जुळतो असे नाही. पण उत्तर देता येते.