बक्षीस कोणाला, भुर्दंड कोणाला?

अमेरिकेतील चेस या बँकेने २०१६ साली छोट्या व्यावसायिकांसाठी एक नवे क्रेडिट कार्ड बाजारात आणले. पहिल्या तीन महिन्यांत ५,००० डॉलर खर्च करणाऱ्यास ८०,००० पॉइंट देण्याचे तिने जाहीर केले. रोख रकमेत मोजल्यास हे ८०० डॉलर होतात, आणि कार्डाची वार्षिक वर्गणी अवघी ९५ डॉलर. अशी 'स्वागत-बक्षिसे' देण्याची तेथील बँकांमध्ये आज चढाओढ चालू आहे. बँका कोणालाही काही फुकट देत नसतात, हे अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसासही ठाऊक असते. मग हे ८०० डॉलर कोणाच्या खिशातून येतात, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

ग्राहकाने कार्ड पुढे केले की दुकानदाराला विक्रीच्या रकमेतून साधारणतः दोन ते तीन टक्के शुल्क सोडावे लागते. त्यातील मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. व्यावसायिक कार्डांवर हा वाटा बहुधा अधिकच असतो. दुकानदार हा बोजा स्वतःच्या नफ्यातून सोसत नाही, तो मालाच्या किंमतीत मिळवतो. ती वाढीव किंमत रोखीने पाव विकत घेणारा मजूरही मोजतो. त्याला मात्र पॉइंट मिळत नाहीत. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० साली या व्यवहाराचा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर गमावते आणि कार्ड वापरणारे कुटुंब १,१३३ डॉलर कमावते, असा त्यांचा निष्कर्ष होता. गरिबाकडून घेऊन श्रीमंताला देणारी ही करपद्धतीच होय. फरक एवढाच की तिला कोणत्याही लोकसभेची संमती लागत नाही.

बक्षिसांचा दुसरा झरा आहे थकबाकीवरील व्याजाचा. जो दरमहा पूर्ण बिल भरतो, त्याच्यापुरते बक्षीस हा शुद्ध लाभ असतो. पण ज्या सुताराचे वा खानावळवाल्याचे गिऱ्हाईक पैसे देण्यास विलंब लावते, त्याची बाकी कार्डावर राहते आणि काही महिन्यांचे व्याज ते ८०० डॉलर गिळून टाकते. शिवाय बक्षिसाची अट पुरी करण्यासाठी तीन महिन्यांत ठरावीक खर्च करायचाच, या घाईत नड नसलेली खरेदीही होते.

आपल्या हिताचे रक्षण करण्यात बँका किती दक्ष असतात, हे अर्जाच्या नियमांवरून दिसते. चोवीस महिन्यांत पाच वा अधिक नवी कार्डे घेणाऱ्याचा अर्ज चेस बँक सामान्यतः नाकारते. अमेरिकन एक्सप्रेस एका कार्डाचे स्वागत-बक्षीस एका व्यक्तीला बहुधा आयुष्यात एकदाच देते आणि केवळ बक्षिसासाठी कार्ड घेतल्याचा संशय आल्यास ते रोखून धरण्याचा अधिकारही राखून ठेवते. याउलट व्यावसायिक म्हणून अर्ज करण्यास नोंदणीकृत कंपनी असावी लागत नाही. घरबसल्या किरकोळ विक्री करणारा एकटा माणूसही तो करू शकतो. हुशार आणि सुस्थित मध्यमवर्गीय या नियमांच्या फटी शोधून कार्डामागून कार्ड मिळवतात. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. दोष आहे तो त्यांच्या पॉइंटांचे पैसे इतरांकडून वसूल करणाऱ्या व्यवस्थेचा.

बँकेच्या बाजूने इतके नियम असताना कर्जदाराच्या बाजूने कोण उभे आहे? न मागता कार्डे पोस्टाने घरोघर धाडण्याच्या प्रकाराला अमेरिकेने १९७० मध्ये आळा घातला. २००९ मध्ये आणखी एक महत्त्वाचा कायदा झाला. व्याजदर वाढवण्यापूर्वी ४५ दिवसांची सूचना द्यावी आणि जुन्या बाकीवर मनमानी दरवाढ करू नये, अशा तरतुदी त्यात आहेत. परंतु हे संरक्षण व्यक्तिगत ग्राहकापुरते आहे. कार्डावर 'व्यावसायिक' हा शब्द आला की ते गळून पडते. आणि गंमत अशी की याच व्यावसायिकाकडून बँक वैयक्तिक हमी लिहून घेते. म्हणजे संरक्षणाच्या वेळी तो उद्योगपती आणि वसुलीच्या वेळी साधा माणूस! काही बँकांनी या तरतुदींपैकी काही आपखुशीने लागू केल्या, हे खरे. पण आपखुशी म्हणजे हक्क नव्हे.

युरोपीय संघाने २०१५ मध्ये बँकांना मिळणाऱ्या शुल्काला क्रेडिट कार्डांसाठी ०.३ टक्के अशी मर्यादा घातली. म्हणजे हे शुल्क राजकीय निर्धाराने खाली आणता येते. मात्र व्यावसायिक कार्डे तेथेही मर्यादेबाहेरच ठेवली गेली. त्या एका शब्दाची पळवाट दोन्हीकडे सारखीच आहे.

हा प्रश्न परदेशातला म्हणून बाजूला सारता येणार नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी पाच लाख रुपये मर्यादेच्या क्रेडिट कार्डांची घोषणा झाली. पहिल्या वर्षी अशी दहा लाख कार्डे देण्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले. सावकाराच्या दारातून लहान कारागिराची सुटका होणार असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी न मागता कार्ड देण्यास मनाई केली, हेही योग्यच झाले. पण ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, हे विसरता कामा नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. वैयक्तिक हमीवर कर्ज घेणाऱ्या एकमालकी व्यावसायिकाला कायद्याने ग्राहकाचेच संरक्षण मिळावे. आणि कार्डावरील व्याजाला कमाल मर्यादा कायद्याने ठरवावी. त्याबरोबरच वस्त्यावस्त्यांतील शिंपी, सुतार, भाजीविक्रेते यांना कार्डाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी त्यातील हमीचे कलम वाचून दाखवण्याचे काम हाती घेतले पाहिजे. बक्षिसाची रक्कम अर्जावर मोठ्या अक्षरांत छापलेली असते. व्याजाचा दर आणि हमीचे कलम मात्र कोणीतरी शोधून दाखवावे लागते.