औषधांच्या खिडकीतून : हळदीचं दूध आणि आठवड्याची गोळी

यंदाचा विषय तुम्हीच ठरवलात. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "आमवातावर हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर चालतील का?" इंग्लंडमध्ये फार्मसीत काम करताना हा प्रश्न मला आपल्या लोकांकडून सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुखणाऱ्या प्रत्येक सांध्याला आपण संधिवात म्हणतो. पण वयोमानाने होणारी झीज वेगळी आणि आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही. सूज तशीच राहिली तर हाड पोखरलं जातं आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. म्हणजे दुखणं कमी होणं आणि आजार आटोक्यात येणं, या दोन निराळ्या गोष्टी.

आता हळद. तिच्यातलं कर्क्युमिन सुजेवर काम करतं. लहान चाचण्यांत दुखणं कमी झालेलं दिसलंय. हाड पोखरणं ते थांबवतं, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासात मिरीतल्या पायपरिनमुळे हे शोषण वीसपट वाढलेलं दिसलं. म्हणून पुष्कळ कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. पण इथेच सांभाळायला हवं. अशा कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याचा इशारा ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकांनी २०२३ मध्ये दिला. आमवातावरच्या मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच पडतो. भाजी-आमटीतली हळद, रात्रीचं हळदीचं दूध खुशाल घ्या. कॅप्सूल मात्र औषधच समजा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचाराच.

त्यापेक्षा भक्कम पुरावा माशाच्या तेलाचा आहे. त्यातलं ओमेगा-३ रोज सुमारे तीन ग्रॅम, निदान तीन महिने घेतलं, तर सकाळचा ताठरपणा आणि वेदनाशामक गोळ्यांची गरज कमी होऊ शकते. पण साध्या हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ओमेगा-३ असतं जेमतेम तीनशे! त्यामुळे लेबलावरचा बारीक मजकूर वाचा. इथला मॅकरेल आपल्या बांगड्याच्याच कुळातला. आठवड्यातून एकदा त्याचं कालवण करायला हरकत नाही. शाकाहारी मंडळींची जवसाची चटणी चांगलीच, पण जवसातलं ओमेगा-३ वेगळं; शरीर त्यातलं थोडंच माशातल्या प्रकारात बदलतं. शैवालाच्या तेलाच्या कॅप्सूल त्यापेक्षा उपयोगी. आलं आणि शल्लकी यांच्या चाचण्या मुख्यतः झिजेच्या संधिवातावर झाल्यात, आमवातावर नाहीत.

ओळखीतल्या एका मावशींना हळदीच्या कॅप्सूलनी बरं वाटू लागलं, म्हणून त्यांनी मेथोट्रेक्सेट परस्पर बंद केलं. आठ महिन्यांनी दुखणं उसळलं, तोवर उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. औषध पुन्हा सुरू झालं, सूज उतरली. बोटं सरळ झाली नाहीत. आता लाटणं त्यांच्या हातात नीट धरवत नाही.

म्हणून सांगते, स्वयंपाकघरातलं औषधाच्या जोडीला असू द्या, औषधाच्या जागी नको. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. रक्ततपासणी चुकवू नका. आणि भारतातल्या नातलगांनो, तुमची माया कळते, पण "झटपट आराम" देणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्या पाठवू नका. तशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि शिसंसुद्धा सापडलेलं आहे.

जे काही घेता, काढे-चूर्णांसकट, ते एका कागदावर लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. ते रागावणार नाहीत, उलट त्यांचं काम सोपं होईल. दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!