नागाला मारल्याचे गुण कुणाला?

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी रात्री अकराच्या पुढे आमच्या अभ्यासवर्गातल्या एका तरुणाचा फोन आला. पोरगा नागपूरचा, नोकरीसाठी पुण्यात राहतो. खोलीवरच्या मित्रांसोबत सुट्टीच्या दिवशी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची आणि फासे टाकून निकाल ठरवायचा, असा हा खेळ. त्या दिवशी त्यांची टोळी जंगलातल्या एका पडक्या देवळात शिरली. आत खजिना राखत बसलेला एक नाग होता. अंग सापाचं, तोंड माणसाचं. शेवटचा घाव आमच्या पोराने घातला. सगळे ओरडले, तोही ओरडला. गुण मिळाले, सोनं मिळालं.

“ताई, घरी येताना मला दीक्षाभूमी आठवली. मी मारलं ते कुणाला?”

आधी मला हसू आलं. मग झोप आली नाही. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

एक हरकत आधीच निकालात काढते. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विषय ऐकून विचारलं, “अत्याचाराच्या केसेस कोर्टात पडून आहेत आणि तुला खेळ सुचतो?” त्यांचा राग मला मान्य आहे. पण वस्तीवर हल्ला करणारा माणूस हल्ल्याच्या दिवशी तयार होत नाही. समोरचा आपल्यासारखा पूर्ण माणूस नाही, हे त्याला लहानपणापासून गोष्टींतून, शिव्यांतून, सणांतून शिकवलेलं असतं. खेळ ही आजची गोष्ट सांगण्याची मोठी जागा आहे. आपली शिकलेली पोरं तिथे बसलेली आहेत. मग आपण तिकडे बघायचंच नाही का?

तर बघू या. हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये नाग आहेत आणि तेही तीन जातींचे. राखणदार नाग जन्माने सज्जन, आत्मा-नाग जन्माने दुष्ट, पाण्यातला नाग मधला. खेळात याला ‘अलाइनमेंट’ म्हणतात. त्या नागाने काय केलं हे कुणी विचारत नाही. कुठल्या पोटात जन्मला, एवढं पुरतं. गुणकर्मविभाग म्हणायचं आणि जन्मावर मोजायचं, ही चलाखी आपल्याला नवी आहे का?

2014 च्या आवृत्तीत नागाला इतिहास मिळाला. कुठल्याशा लुप्त झालेल्या मानवसदृश लोकांनी आपला खजिना आणि विद्या राखण्यासाठी नाग घडवले. पुढे ते मालक नष्ट झाले आणि नाग स्वतःला त्या ठेव्याचे वारस समजू लागले. हे वाचताना मी थांबले. जो पिढ्यान्‌पिढ्या राखण करतो, त्याने मालकी सांगितली की तो राक्षस ठरतो! आपल्या आजोबा-पणजोबांनी वेसकर म्हणून गावाची वेस राखली. गावाच्या हद्दी त्यांना तोंडपाठ, पण गावात घर बांधायची सोय नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर बिल आणलं ते याच गुलामीविरुद्ध. हे पान लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकाला वेसकर माहीत असण्याचं कारण नाही. त्याने मुद्दाम आपल्यावर लिहिलं, असंही मी म्हणत नाही. पण राखणदाराला वारस होऊ न देणारी नजर जगभर सारखीच दिसते.

आता याच खेळातली नागाची चुलत भावंडं बघा. 1981 च्या एका साहसकथेत डेव्हिड कुक यांनी ‘युआन-टी’ आणले. हे माणूस आणि साप यांची सरमिसळ झालेले लोक. त्यांच्यात उतरंड आहे. सापाचा अंश जितका जास्त तितका मान जास्त. जो जवळजवळ माणूसच दिसतो तो सगळ्यात खाली, आणि त्याचं नाव काय, तर ‘प्युअरब्लड’, म्हणजे शुद्ध रक्ताचा. मधल्यांना त्या काळी ‘हाफब्रीड’ म्हणत. आपल्या भाषेत सांगायचं तर संकर. शुद्ध, संकर आणि पायरीपायरीची विषमता, तीनही गोष्टी एका पानावर. 2022 च्या पुस्तकात ‘प्युअरब्लड’ हा शब्द काढून टाकला. चांगलं झालं. पण तो काढायला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

इतर खेळांत काय आहे? ‘वॉरक्राफ्ट’मध्ये 2003 साली आलेले नाग हे मुळात एल्फ जमातीतले उच्चकुलीन. राणी अझशाराच्या नादाने त्यांनी पाप केलं, त्यांची नगरी समुद्रात बुडाली आणि त्यांना सापाचं अंग आलं. म्हणजे शरीर हीच शिक्षा. मागच्या कर्मामुळे हा देह मिळाला, हे वाक्य आपल्या बापजाद्यांना किती वेळा ऐकवलं गेलं असेल! ‘पाथफाइंडर’मध्ये ‘नागाजी’ नावाचे लोक आहेत. त्यांना नागांनी सेवेसाठीच पैदा केलं, असं त्यांचं मूळ सांगितलं आहे. सेवेसाठी जन्मलेले लोक! ही कल्पना शूद्रांना पायापासून काढणाऱ्यांनी कधीच लिहून ठेवली आहे.

उलट उदाहरणही आहे, ते लपवणं बरोबर नाही. ‘लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ या जपानी वळणाच्या खेळात नाग हे माणसांच्या आधीचे, मोठी संस्कृती असलेले लोक. माणसं तिथे उशिरा आलेली. नाग एकमेकांशी ‘आकाश’ नावाच्या सामूहिक आत्म्याने जोडलेले. तिथे नागाला शहर आहे, स्मृती आहे, बाजू आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने मनात आणलं तर नाग माणूस होतो. पण त्यांच्यातही रक्ताच्या शाखेप्रमाणे कामं वाटलेली आहेत, लढणारे वेगळे आणि मंत्र जाणणारे वेगळे. ज्याने नागाला सन्मान दिला त्यालाही जन्मावरची कामवाटणी सोडवली नाही.

या सगळ्या चित्रांना मी एकच कसोटी लावते. या अर्ध्या माणसातला माणूस कुठे ठेवला आहे? अजिंठ्याला गेला असाल तर 19 नंबरच्या लेण्याबाहेर डाव्या हाताला नागराजाचं शिल्प आठवा. राणीसोबत निवांत बसलेला पूर्ण माणूस, डोक्यामागे फण्यांची छत्री. तिथे फणा हे त्याच्या कुळाचं चिन्ह आहे, मुकुटासारखं. शरीर माणसाचंच. खेळातल्या चित्रकाराने तेच चिन्ह घेऊन शरीर करून टाकलं. लोकांचं कुलचिन्ह त्यांचं कातडं बनलं, की मग त्यांना मारायला मोकळीक.

ही मोकळीक आपल्याकडेही घेतली गेली. महाभारतात तक्षकाची वस्ती असलेलं खांडववन जाळलं जातं. पळणाऱ्या जिवांनाही सोडलं जात नाही. पुढे जनमेजय सर्पसत्र करतो. माणसांची वस्ती जाळली असं म्हटलं तर तो गुन्हा होतो, साप जाळले म्हटलं की यज्ञ होतो. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त अवतारकथा उलट्या बाजूने वाचून दाखवल्या त्या यासाठीच. 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं हे सांगताना नाग लोकांचा इतिहास सांगितला. ज्यांना साप ठरवलं ते हाडामांसाचे लोक होते आणि बुद्धाचा धम्म त्यांनी पसरवला, असं ते ठामपणे म्हणाले. एका शब्दाने त्यांनी आपल्याला राक्षसांच्या यादीतून बाहेर काढून इतिहासात बसवलं.

सर्पसत्र थांबवणारा कोण होता, हेही लक्षात घ्या. आस्तिक. आई नागकुळातली, बाप ऋषी. खेळाच्या जुन्या भाषेत हाफब्रीडच. संहार थांबवण्याचं काम या संकराच्या पोराने केलं.

आपल्या घरातलंही बोलू. विनयपिटकात एका नागाची कथा आहे. आपल्या नागयोनीची लाज वाटून तो माणसाच्या रूपात भिक्खू होतो. झोपेत खरं रूप उघडं पडतं आणि त्याला संघ सोडावा लागतो. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी ‘तू माणूस आहेस ना?’ असं विचारलं जातं. ही कथा वाचून मला त्रास होतो, आणि तो मी लपवणार नाही. जन्माची लाज वाटून रूप बदलणारा तो नाग मला शहरात आडनाव बदलून राहणाऱ्या आपल्या पोरांसारखा वाटतो. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना बाबासाहेबांनी परंपरेने आलेली प्रत्येक गोष्ट बुद्धीवर घासून घेतली. खेळ बनवणाऱ्यांना जे प्रश्न विचारतो ते स्वतःच्या ग्रंथांनाही विचारायची हिंमत आपण त्यांच्याकडूनच घेतली आहे.

आता सुधारणांबद्दल. जून 2020 मध्ये या खेळाच्या प्रकाशकांनी जाहीर कबूल केलं की ऑर्क आणि ड्राऊ यांची चित्रणं खऱ्या जगातल्या लोकांना हिणवण्याच्या पद्धतीशी जुळणारी होती. डिसेंबर 2022 मध्ये ‘रेस’ हा शब्द सोडून ‘स्पीशीज’ घेण्याचं ठरलं. आपल्यातले काही जण यावर खूश आहेत. मी अर्धीच खूश आहे. वंश म्हणा की प्रजाती, जन्मावरून स्वभाव ठरत असेल तर पाटी बदलली, दुकान तेच. उलट ‘प्रजाती’ म्हटल्यावर दोघांतलं अंतर आणखी पक्कं होतं. 1936 साली ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात ही वंशांची विभागणी नाही, एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे. म्हणून लढा शब्दाशी कमी आणि नियमाशी जास्त हवा. खेळाचा खरा धर्म त्याच्या गुण मोजण्यात असतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांत राक्षस मारल्याचे गुण मिळत आणि लुटून आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे आणखी एक. दुसऱ्याच्या घरात घुसा, त्याला मारा, त्याचं घ्या आणि मोठे व्हा. याला वसाहतवाद म्हणतात, फासे टाकून केला तरी.

मग खेळू नये का? असं मी मुळीच म्हणणार नाही. बहिष्काराने गोष्ट मरत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या तोंडी राहते. या खेळाची एक ताकद आहे. छापील पुस्तकापेक्षा टेबलावर बसलेल्यांचा शब्द मोठा असतो. नियम बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या पोरांना पुराण बदलता आलं नाही, त्यांना शनिवारची गोष्ट नक्की बदलता येते.

त्या पोराला मी हेच सांगितलं. पुढच्या वेळी गोष्ट तू चालव. देऊळ तेच ठेव, नागही तोच ठेव. पण टोळी दारात आली की नागाला बोलू दे. हे घर कुणाचं, इथे किती पिढ्या राखण केली, मजुरी कुणी दिली, हे त्याला सांगू दे. मारल्याचे गुण शून्य. ऐकून घेतल्याचे गुण ठेव.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. खेळ रात्री दोनपर्यंत चालला. एक जण चिडून उठून गेला, “यात मजा काय?” म्हणाला. उरलेले नागाशी भांडत बसले. शेवटी ठरलं की खजिन्यातला वाटा नागाचा आणि देवळाची वाट दाखवणारा नकाशा फाडून टाकायचा.

“ताई, कुणी मेलं नाही,” तो म्हणाला, “तरी सगळे दमले होते.”

दमणारच. समोरच्याला माणूस मानून बोलणं हे तलवार चालवण्यापेक्षा जड काम आहे. ते आपण शिकू आणि इतरांनाही शिकवू.

जय भीम!